पंप मोठा करण्याआधी मोजा, आणि पॅनेल पुराच्या वर चढवा

प्रति,
मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष, पाणीपुरवठा समितीचे सभापती आणि सर्व नगरसेवक,
कृष्णाकाठची आमची नगरपरिषद, जिल्हा सांगली.

सप्रेम नमस्कार.

पत्रात गावाचं नाव घातलेलं नाही. ज्यांना लिहितोय त्यांना ते कळेलच. आणि कृष्णा-वारणेच्या काठावरच्या दुसऱ्या एखाद्या गावाचं हेच दुखणं असेल, तर त्यांनी आपलं नाव घालून वाचावं.

मागच्या सर्वसाधारण सभेत आपण दोन ठराव मंजूर केलेत. पहिला असा की नदीवरच्या जॅकवेलमधले (पाणी उपसायच्या विहिरीतले) जुने पंप काढून त्याच जागी जास्त अश्वशक्तीचे नवे पंप बसवायचे, आणि त्यासाठी लागणारा मोठा ट्रान्सफॉर्मर व नवं पॅनेलही (स्विच-स्टार्टरचं कपाट) तिथेच, त्याच खोलीत ठेवायचं. दुसरा असा की वीजबिल झेपत नाही म्हणून पाणीपट्टी वाढवायची. सभेचं इतिवृत्त मी मागवून वाचलं. दोन्ही ठरावांवरची चर्चा मिळून पाऊण पानात संपते. पंपाचं आयुष्य सरकारी संहितेप्रमाणे पंधरा वर्षं धरतात. म्हणजे पुढची पंधरा वर्षं गावाने किती वीज जाळायची आणि किती पुरांत तहानलेलं राहायचं, हे त्या पाऊण पानात ठरलं. ते मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

माझं मोटारी भरायचं, म्हणजे पंपांच्या जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या, नदीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या, सगळ्या मोटारी येतात. नगरपरिषदेचं काम माझ्याकडे येत नाही आणि या निविदेत मला काही मिळवायचं नाही, हे आधीच सांगतो. घर माळावर, पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. नळाला करंगळीएवढी धार येते आणि तीही व्हॉल्व्हमनला फोन केल्यावर. आमच्या गल्लीतल्या बायका पहाटे उठून बादल्या लावतात. पाणीपट्टी मात्र खालच्या पेठेत जेवढी, तेवढीच आम्हालाही.

सुरुवात पुरापासून करतो, कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्याआधी २००५ चा पूर आपल्या वडीलधाऱ्यांनी शेवटचा मानला होता. घरांच्या भिंतींवर, देवळांच्या खांबांवर त्याच्या खुणा करून ठेवल्या होत्या. २०१९ ला त्या खुणा पाण्याखाली गेल्या. मग दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सांगलीत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर चढलं. सोळा वर्षांत तीन महापूर. 'शंभर वर्षांतून एकदा' ही भाषा आता आपल्या नदीला लागू पडत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या दोन्ही पुरांत आपला जॅकवेल बंद पडला. नदी गावात शिरलेली, चोहीकडे पाणी, आणि प्यायला तांब्याभर नाही. पाणी ओसरल्यावरही नळ लगेच सुरू झाले नाहीत, कारण मोटारी, स्टार्टर, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर सगळं एकाच उंचीवर होतं आणि सगळं एकदम बुडालं.

पुरातून आलेली मोटार उघडल्यावर काय दिसतं ते इथे लिहितो, कारण ठराव करणाऱ्यांपैकी कोणी ते पाहिलं असेल असं वाटत नाही. कव्हर काढलं की आत काळ्या मातीचा थर असतो. स्टेटरच्या खाचांत, तारेच्या प्रत्येक फेऱ्यामध्ये, बेअरिंगच्या ग्रीसमध्ये कृष्णेचा गाळ बसलेला असतो. आधी गोड्या पाण्याने धुवायची, मग उन्हात ठेवायची, मग आत दिवे लावून दोन-तीन दिवस सुकवायची. मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावायचं. काटा वर आला तर नशीब. नाही आला तर सगळी तार उपटून मोटार नव्याने भरायची. २०१९ च्या पुरानंतर माझ्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेपर्यंत मोटारी रांगेत उभ्या होत्या. पाणी ओसरून महिना झाला तरी शेतकरी येत होते. त्याच काळात गावाच्या पंपाचीही मोटार अशीच कुठल्या तरी दुकानात रांगेत पडून होती, आणि आपण टँकरच्या मागे धावत होतो.

आता नवीन पॅनेल त्याच खोलीत, त्याच जोत्यावर बसवायचं ठरलंय. खोलीच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. रंग दिलाय तरी दिसते. ती रेघ पॅनेलच्या डोक्याच्या वर आहे. ठराव करणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन उभं राहावं, एवढंच म्हणणं आहे.

पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे येतो की कोयनेतून उशिरा पाणी सोडल्यामुळे, की नदीपात्रातल्या बांधकामांमुळे, हा वाद आपल्याकडे चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत चालतो. २०१९ नंतर शासनाने वडनेरे समिती नेमली, तिचा अहवालही आला. तो वाद महत्त्वाचा आहे, पण त्याचा निकाल आपल्या नगरपरिषदेत लागणार नाही. पॅनेल किती उंचीवर ठेवायचं, हे मात्र आपल्याच सभागृहात ठरतं. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आहेत. बांधकाम परवाना मागायला गेलेल्या गरिबाला त्या दाखवल्या जातात. स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत आपण त्या पाहिल्या का?

पुराच्या उलट टोकाचीही गोष्ट आहे. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढच्या उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र किती खाली गेलं ते काठावरच्या प्रत्येकाने पाहिलंय. आपली नदी उन्हाळ्यात कोयनेतून सुटणाऱ्या पाण्यावर जगते. त्याच पाण्यावर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना चालतात. बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) वेळेत घातले नाहीत, किंवा वरून आवर्तन चार दिवस लांबलं, की आपल्या जॅकवेलच्या तोंडाशी पाणी राहत नाही. मग वाळूची पोती टाकून तात्पुरता बांध घालायचा आणि पंप तसाच रेटायचा. पंपाला पुरेसं पाणी मिळालं नाही की आतून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. आवाज ऐकूनच आम्हाला कळतं की इंपेलरचं, म्हणजे आतल्या फिरत्या चाकाचं, पितळ झिजतंय. वर्षातून असे आठवडे वाढत चाललेत. जास्त अश्वशक्तीचा पंप जास्त पाणी ओढणार, म्हणजे उन्हाळ्यात त्याला हवा आणखी लवकर लागणार. हा विचार ठरावात कुठेही नाही.

आता विजेकडे येतो. पाणीपट्टीची वाढ तिच्या नावावर आहे.

आपल्या जिल्ह्याला पाणी आणि वीजबिल यांचं नातं नव्याने सांगायला नको. उपसा सिंचन योजनांचं बिल थकलं की पंप बंद, पंप बंद की द्राक्षबागा वाळल्या, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलंय. शेवटी ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने असं सूत्र ठरवावं लागलं. नगरपरिषदेच्या मागे असं कोणी उभं नाही. तिचं बिल नळधारकच भरतो. म्हणून युनिट कुठे जातात हे विचारायचा हक्क त्याला आहे.

साधा हिशेब मांडतो, कोणीही पडताळून पाहावा. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला ०.००२७ युनिटच्या आसपास वीज लागतेच. हा निसर्गाचा नियम, त्यात कोणाची घासाघीस चालत नाही. नदीपासून जलशुद्धीकरण केंद्रापर्यंतची चढण आणि पाइपमधलं घर्षण मिळून ६० मीटर धरलं, तर दहा लाख लिटरला १६३ युनिट लागतात. पण पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता कधीच शंभर टक्के नसते. चांगला, नीट निवडलेला संच ७० टक्के देतो, तेव्हा दहा लाख लिटरला साधारण २३४ युनिट जातात. झिजलेला, चुकीच्या हेडचा (पाणी चढवायच्या उंचीचा), दोन-तीनदा जळून भरलेल्या मोटारीचा संच ४५ टक्क्यांवर येतो, तेव्हा तेच पाणी चढवायला ३६३ युनिट लागतात. गावाला रोज पन्नास लाख लिटर चढतं असं धरा. दोन्हींतला फरक रोजचा ६५० युनिट, वर्षाचा २ लाख ३६ हजारांच्या पुढे. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला १९ लाख रुपये. पाण्याचा एक थेंबही न वाढता.

आपला संच ४५ वर आहे की ६५ वर, हे मला विचारू नका. ते आपल्यालाही सांगता येत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. जॅकवेलवर पाणी मोजायचं फ्लो मीटर चालू नाही. डिलिव्हरी पाइपवरच्या प्रेशर गेजचा काटा मोटार चालू असो वा बंद, एकाच आकड्यावर उभा असतो. किती पाणी चढलं ते पंप किती तास चालला यावरून अंदाजाने लिहितात. ज्या घरात तराजूच नाही त्या घराने दुकानदार लुबाडतो म्हणून ओरडायचं कशाच्या जोरावर?

आणि तो डिलिव्हरी व्हॉल्व्ह. तो अर्धा बंद ठेवूनच पंप चालवतात, हे जॅकवेलवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पूर्ण उघडला की अँपिअर चढतात आणि ओव्हरलोड पडतो, म्हणजे मोटार आपोआप बंद होते. पंपचालकाला दोष देऊ नका, मोटार वाचवायला त्याच्या हातात तेवढंच आहे. पण याचा अर्थ सरळ आहे: पंप आपल्या चढणीला जुळणारा नाही, त्याचं हेड गरजेपेक्षा जास्त आहे. जादा दाब आधी वीज जाळून तयार करायचा आणि मग व्हॉल्व्हमध्ये मारून टाकायचा, असा कारभार रोज चालू आहे. यावर आणखी मोठी मोटार हे उत्तर नव्हे. योग्य हेडचा पंप घेणे, किंवा आहे तोच इंपेलर लेथवर मापात उतरवून घेणे, हे उत्तर आहे. दुसऱ्याचा खर्च पहिल्याच्या मानाने नगण्य आहे. निविदेआधी हे तपासलं का? इतिवृत्तात तरी दिसत नाही.

विक्रेते येतील आणि व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, बसवा म्हणतील. त्या यंत्राचा फायदा घर्षण जास्त असतं तिथे मोठा असतो. आपल्याकडे बहुतेक हेड उभ्या चढणीचं आहे, तिथे वेग कमी केला की पाणी वर पोचतच नाही. मोजल्याशिवाय तेही घेऊ नका.

बिलाबद्दल आणखी थोडं. उच्चदाब ग्राहकांना महावितरण २०२० पासून केव्हीएएचवर आकारणी करतं, म्हणजे फक्त कामाला लागलेल्या नव्हे, तर लाइनमधून ओढलेल्या एकूण विजेवर. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामाला लागणारा हिस्सा) ०.८ वर घसरला तर १०० युनिट कामाला १२५ युनिटचं बिल येतं. तो सुधारणारे कपॅसिटर फुगले किंवा फ्यूज गेले आणि कोणी बदलले नाहीत, की हा भुर्दंड दर महिन्याला, गुपचूप. शिवाय दिवसाच्या वेळेप्रमाणे दर बदलतात, संध्याकाळची वीज महाग पडते. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, म्हणून नवा दर आदेश आला की कोणी तरी बसून पंपांच्या वेळा पुन्हा जुळवायला हव्यात. आपल्याकडे संध्याकाळीच सगळे पंप चालू असतात, कारण उंच टाक्या लहान आहेत आणि सकाळच्या पाण्यासाठी त्या तेव्हाच भराव्या लागतात. टाकीची क्षमता वाढवली तर त्या महाग तासांत पंप बंद ठेवता येतील, आणि शुद्धीकरण केंद्राच्या मोकळ्या, उंच जागेवर सौर पॅनेल लावून दिवसाचा बराच उपसा त्यावर घेता येईल. कार्यालयाच्या छतावर जे सौर पॅनेल बसवलंत त्याचं मी स्वागतच करतो. पण नगरपरिषदेचं खरं बिल पाणी उपसण्यात जातं, पंख्या-दिव्यांत नाही.

गळतीवर फार लिहीत नाही, कारण ती सगळ्यांना दिसते. केंद्र सरकारच्या मापदंडाप्रमाणे हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत हवं. आपला आकडा आपल्याला माहीत नाही. बाजारपेठेतल्या चौकात, जुन्या पाइपच्या जोडावर वर्षभर ओल असते. तिथून जाणाऱ्या प्रत्येक लिटरला तुरटी, क्लोरिन आणि नदीपासूनची वीज लागलेली असते, आणि ते सगळं गटारीत जातं.

पाणीपट्टी वाढूच नये असं माझं म्हणणं नाही. पाणी फुकट पोचत नाही हे मोटारवाल्याला तरी सांगायला नको. पण आधी स्वतःच्या घरातली नासाडी मोजा आणि थांबवा, मग उरलेला खर्च आमच्याकडे मागा. आम्ही देऊ. माळावरचा माणूसही देईल, त्याच्या नळाला पाणी आलं तर.

म्हणून मागण्या अशा:

एक. पंपांची निविदा थांबवावी. रद्द करा म्हणत नाही. आधी महाऊर्जाच्या (राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या) यादीवरच्या ऊर्जा लेखापरीक्षकाकडून जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र आणि टाक्यांवरचे पंप तपासून घ्यावेत. अहवाल नगरपरिषदेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत लावावा.

दोन. तपासणीची वाट न पाहता फ्लो मीटर, चालू प्रेशर गेज आणि पंपाला वेगळं वीजमीटर या महिन्यात बसवावं. खर्च मोठा नाही. दहा लाख लिटरला किती युनिट लागले, हा एकच आकडा दर महिन्याला जाहीर करावा.

तीन. पॅनेल, ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर २०१९ च्या पाण्याच्या रेघेच्या किमान दोन मीटर वर उचलावेत, आणि जॅकवेलपर्यंत पुरात पोचता येईल असा उंच पूल असावा. महावितरणची उपकेंद्रंही पुरात बंद पडतात हे २०१९ ला दिसलं आहे, म्हणून जनरेटरला आठवडाभराचं डिझेल पावसाळ्याआधी भरून ठेवावं. मोटारी पाण्याखालच्या प्रकारच्या घ्यायच्या की वरच्या मजल्यावर उभ्या शाफ्टच्या, हे तज्ज्ञांनी ठरवावं. आताच्या जोत्यावर मात्र काहीही नवीन बसवू नये.

चार. उन्हाळ्यासाठी जॅकवेलचं खालचं इंटेक साफ करून घ्यावं. कोयनेच्या आवर्तनाबाबत आणि बर्ग्यांबाबत पाटबंधारे खात्याशी दर जानेवारीत लेखी ठरवून घ्यावं. एप्रिल उजाडल्यावर पत्रं पाठवून उपयोग होत नाही.

पाच. यापुढे पंप घेताना सर्वांत कमी किमतीची निविदा हा एकच निकष नको. पंधरा वर्षांची वीज धरून जो स्वस्त पडेल तो घ्या. वर दिलेल्या हिशेबात चांगल्या संचाचंही विजेचं वर्षाचं बिल ३४ लाख होतं. त्यापुढे पंपाची किंमत किती, ते निविदेत बघा.

सहा. हे होईपर्यंत पाणीपट्टीची वाढ स्थगित ठेवावी.

पैसा नाही असं सांगू नये. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पिण्याच्या पाण्यासाठी बांधील वाटा होता, शहरांच्या पाण्यासाठीची केंद्राची अमृत २.० योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, आणि पंचमहाभूतांवर आधारलेल्या माझी वसुंधरा अभियानात आपण दर वर्षी भाग घेतो. त्या अभियानाचा फलक नगरपरिषदेच्या दारात लागलेला आहे. त्यात जल आहे आणि अग्नी म्हणजे ऊर्जाही आहे. जॅकवेल दोन्हींत बसतो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत या पत्रावर चर्चा व्हावी आणि प्रत्येक मागणीला होय किंवा नाही असं लेखी उत्तर मिळावं. नाही असेल तर कारणासह. मोजणीच्या दिवशी क्लॅम्प मीटर आणि मेगर घेऊन मी जॅकवेलवर येईन, गावातले आणखी दोन-तीन वायरमनही यायला तयार आहेत. मोबदला नको. फक्त काढलेले आकडे तिथेच, सगळ्यांसमोर वहीत लिहावेत आणि त्याखाली अभियंत्यांनी सही करावी.

आपला,
माळावरचा एक नळधारक आणि मोटार दुरुस्ती करणारा